बाटलीवरची तिसरी ओळ

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मांजर्लीतल्या एका नर्सिंग होममध्ये तू ऑपरेशनचे कपडे घालायला आतल्या खोलीत गेलीस. दहा मिनिटांनी सिस्टरने दार ठोठावलं. तू बाकाला टेकून जमिनीवर बसली होतीस. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. साडेदहाला मला कॉलेजात फोन आला.

ताई, त्याला आज तेवीस दिवस झाले.

तुझा मोबाईल मी रोज चार्ज करतो. पहिल्या आठवड्यात तो दिवसातून चार-पाच वेळा वाजायचा. ज्यांना कळलं नव्हतं ते नेहमीसारखं बोलायला लागायचे. मॅडम, उद्या आठला हर्निया आहे, येताय ना? मी म्हणायचो, मी त्यांचा भाऊ बोलतोय. मग मला सांगावं लागायचं, आणि शिरगावच्या आपल्या त्या दोन खोल्यांत माझाच आवाज मला मोठा वाटायचा. आता फारसे फोन येत नाहीत. तरी चार्जरला लावतो.

रविवारी विहारात पुण्यानुमोदन झालं. आपल्या जुन्या वस्तीतली माणसं अंबरनाथहून टेम्पो करून आली होती. आपल्या चाळीतून डॉक्टर झालेली पहिली मुलगी म्हणून सगळे बोलले. तिकडच्या विहारामागच्या अभ्यासिकेत तू मला कान धरून गणित शिकवायचीस, ते कुणाला तरी आठवत होतं. मलाही बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, ताईने मला शिकवलं एवढं म्हणालो आणि बसलो. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगायचं होतं. तू होतीस तेव्हा सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे, आणि नेहमीप्रमाणे मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मास्तर, प्रस्तावना पुरे."

तुझं काम नेमकं काय असतं ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मी समजायचो, भूल देणारा डॉक्टर सुई टोचतो आणि बाजूला बसतो. मग एकदा माझं अपेंडिक्स निघालं तेव्हा तू डोक्याशी उभी होतीस आणि मी शुद्धीवर येईपर्यंत एकदाही बसली नाहीस, असं सिस्टरने सांगितलं. तुझं एक हॉस्पिटल नव्हतंच. उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरपर्यंत सहा लहान नर्सिंग होम, आणि तुझी स्कूटी. पुढे पाय ठेवायच्या जागी ती काळी पिशवी, त्यात तुझी स्वतःची औषधं, नळ्या, श्वास द्यायचा फुगा. सर्जनचं नाव पाटीवर असतं, आपलं पिशवीवर, असं तू हसत म्हणायचीस. पेशंट घरी जाताना सर्जनच्या पाया पडायचे. तुला ओळखायचेही नाहीत, कारण त्यांनी तुला पाहिलं ते झोप लागण्याआधीचं मिनिटभर.

पाच वर्षांपूर्वी शिरगावच्याच एका नर्सिंग होममध्ये ती बाई आली होती, मनगट मोडलेली. तू तिच्या काखेत सुई देऊन फक्त हात बधिर केला होतास. तेच औषध, बुपिवॅकेन, जे तू हजार वेळा दिलं असशील. त्यातलं थोडं कसं कोण जाणे शिरेत गेलं. तिला झटके आले, मग हृदय मंदावलं, मग थांबलं. तू चाळीस मिनिटं छाती दाबलीस. बाई परत आली. घरी आलीस तेव्हा तुझे तळहात लाल होते आणि तू चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होतास.

त्या संध्याकाळी तू मला समजावून सांगितलंस. हे औषध हृदयाला चिकटून बसतं. नेहमीची औषधं दिली तरी सोडत नाही. दाबत राहायचं आणि ते आपणहून सुटायची वाट बघायची, एवढंच आपल्या हातात. मी ऐकत होतो. माझ्या पीएचडीचं काम तेव्हा अर्ध्यात आलं होतं. तेलाचे अतिसूक्ष्म कण करायचे, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढे, भोवती पातळ कवच, आणि त्यांच्या पोटात औषध भरून शरीरात सोडायचं. तू कप खाली ठेवलास आणि विचारलंस,

"तू औषध पोचवायला कण करतोस. मग औषध परत आणायला का नाही करत?"

मला आयुष्यात इतका चांगला प्रश्न कुणी विचारलेला नाही. बुपिवॅकेनला पाण्यापेक्षा तेल आवडतं. रक्तात असे रिकामे कण सोडले तर ते औषध ओढून आपल्या पोटात घेतील, रक्तातलं मोकळं औषध कमी होईल आणि हृदयाला चिकटलेलंही सुटायला लागेल. कागदावर ते दहा ओळींत बसलं. तू तो कागद घडी करून पिशवीत ठेवलास.

मग रविवार सुरू झाले.

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा रविवारी बंद असायची, पण शिपायाने मला किल्ली दिली होती. तू तुझी केस आटपून अकराच्या सुमाराला यायचीस, कधी कॅम्पातून दाल-पकवान बांधून आणायचीस. प्रयोगशाळेत खायचं नाही हा नियम मी लावलेला, आणि तू खिडकीच्या बाहेर हात काढून खायचीस, म्हणजे ते आत खाल्लं असं होत नाही म्हणून. काचेची भांडी आपण कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून घ्यायचो. तो प्रत्येक वस्तूला "मॅडम, असली है, टेन्शन मत लो" म्हणायचा, आणि तू परत येताना स्कूटीवर मागे वळून मला म्हणायचीस, उल्हासनगरचा माल रक्तात सोडणारे आपण पहिलेच. माझं पांढरं मिश्रण पाहून तू विचारलंस, हे काय विरजण लावलंयस? मला राग यायचा. तो राग यावा म्हणूनच तू बोलायचीस, हे मला तेव्हाही कळत होतं.

लोक म्हणायचे, भाऊ-बहीण दोघंही बिनलग्नाचे, सुट्टीच्या दिवशी काय करत असतील. आपण हे करत होतो. मला दुसरे मित्र नव्हते. तुला होते, पण रविवार तू मला दिलेस.

आता माझ्या वहीतल्या एका पानाविषयी.

प्रयोग साधा होता. पातळ पडद्याच्या लहान पिशव्यांत कण भरायचे, पिशव्या नळ्यांतल्या औषधाच्या पाण्यात बुडवायच्या, आणि तासाभराने बाहेरच्या पाण्यात किती औषध उरलं ते मोजायचं. जितकं कमी उरेल तितकं कणांनी ओढलं. तुलनेसाठी एका पिशवीत नुसत्या तेलाचे थेंब, कवच नसलेले. याला आम्ही कंट्रोल म्हणतो. त्यात काही विशेष घडू नये अशी अपेक्षा असते. माझं सगळं काम त्या कवचावर उभं होतं.

त्या रविवारी तू नव्हतीस, अंबरनाथला सिझेरियन होतं. नळ्यांवर चिठ्ठ्या लावत असताना भारनियमनाची वेळ झाली आणि दिवे गेले. खिडकीच्या उजेडात मी उरलेल्या चिठ्ठ्या लावल्या. दोन तासांनी वीज आल्यावर आकडे घेतले, तर नुसत्या तेलाने माझ्या कणांपेक्षा जास्त औषध ओढलेलं. मला काही वेळ कळेना. मग कळलं असं वाटलं. अंधारात चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. मी वहीत दोन आकड्यांच्या जागा बदलल्या आणि बाजूला तसं लिहिलं. बदलल्यावर सगळं माझ्या अपेक्षेप्रमाणे दिसत होतं, आणि अपेक्षेप्रमाणे दिसलं म्हणून मला ते खरं वाटलं.

संध्याकाळी मी तुला वही दाखवली. तू आकडे पाहिलेस आणि मला पाठीत धपाटा मारलास. "मास्तर, जमलं की रे!" त्या दिवशी तू बाहेर जेवायला नेलंस. तुला इतकं मोकळं हसताना मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाचीही होते. पुढचं तसं नाही.

तीन आठवड्यांनी मी तो प्रयोग पुन्हा केला. एकट्याने, दिवसाउजेडी, चिठ्ठ्या दोनदा तपासून. नुसतं तेल पुन्हा पुढे. कवच उलट औषधाला आत जायला अडवत होतं. चिठ्ठ्यांची अदलाबदल कधी झालीच नव्हती. मी ते आकडे एका सुट्या कागदावर लिहिले आणि कागद वहीच्या मागच्या खिशात ठेवला. तुला दाखवला नाही.

का, याची मी स्वतःला बरीच उत्तरं दिली. कवच गेलं तर प्रबंध गेला, हे एक. अजून दोन-तीनदा करून पाहू, मग सांगू, हे दुसरं. पण तिसरं उत्तर मला आत्ता, तू नसताना, नीट दिसतं. नुसत्या तेलाने काम होत असेल तर करायला काही उरत नाही. असं तेल तयार मिळतं. ज्यांना तोंडाने खाता येत नाही त्यांना ते शिरेतून देतात, मोठ्या हॉस्पिटलात त्याच्या पांढऱ्या बाटल्या असतात. तुला कागद दाखवला असता तर तू दुसऱ्या दिवशी अशी बाटली शोधायला निघाली असतीस. आणि रविवार संपले असते.

त्यानंतर सातव्या महिन्यात अंबरनाथचा तो माणूस आला. लेथवर काम करणारा, दोन बोटं यंत्रात गेलेली. तू काखेतच सुई दिलीस, हळू, मध्ये मध्ये दट्ट्या ओढून रक्त येतं का बघत, सगळं करायचं तसं. तरीही झालं. तू तासापेक्षा जास्त वेळ छाती दाबलीस. सर्जन म्हणाला, मॅडम आता सोडा, तेव्हाही तू सोडलं नाहीस. या वेळी तो परत आला नाही.

तू दुपारी घरी आलीस. हात धुतलेस, बराच वेळ धुतलेस. मग माझ्यासमोर बसलीस. मी कॉलेजातून लवकर आलो होतो. वही टेबलावरच होती. तू ती उघडली नाहीस. तू विचारलंस,

"मास्तर, तुझ्या कणांना अजून किती वर्षं?"

मी म्हणालो, "चार-पाच."

तू मान हलवलीस आणि आत जाऊन झोपलीस.

ताई, मी शास्त्र शिकवतो. नळीतल्या एका आकड्याने माणूस वाचत नाही, हे मला माहीत आहे. त्या दिवशी तुझ्या पिशवीत बाटली असती तरी तो वाचला असता असं मी म्हणणार नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. पण बाटली पिशवीत ठेवायची की नाही हे ठरवणं तुझं काम होतं, आणि ज्यावरून ठरवायचं ते माझ्या वहीच्या खिशात होतं. एवढंच मी स्वतःशी कबूल करत आलो. मोठ्याने आज पहिल्यांदा.

वर्षभराने तू डॉक्टरांच्या एका बैठकीला कल्याणला गेलीस आणि येताना सायबर कॅफेतून दोन पानं छापून आणलीस. परदेशात एका पेशंटचं हृदय असंच थांबलं होतं, काही केल्या चालू होईना, आणि डॉक्टरांनी ती अन्नाऐवजी देतात त्या तेलाची पांढरी बाटली शिरेतून दिल्यावर हृदय चालू झालं होतं. तू दारातच चपला न काढता ती पानं माझ्या हातात दिलीस.

"नुसती चरबी, मास्तर. ना कवच, ना काही. सलाईनसारखी टांगायची."

मी काय केलं ते तुला आठवत असेल. मी पानं शांतपणे वाचली आणि चुका काढल्या. एकच पेशंट. इतर औषधंही दिली होती, कशाने काय झालं कोण सांगणार. चरबी फुप्फुसात अडकू शकते. तू ऐकून घेतलंस. मग विचारलंस, "तू कंट्रोलमध्ये हेच घेत होतास ना? त्यात काय आलं होतं?"

मी म्हणालो, "फार काही नाही."

ते तीन शब्द मी बोललो तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. तुला संशय आला असेल का, हे मला माहीत नाही. तू फक्त म्हणालीस, "तुला पेशंट नकोत. तुला तुझे कण हवेत." मला ते लागलं, कारण तू मला जितका वाईट समजत होतीस त्यापेक्षा मी वाईट होतो आणि वेगळ्याच कारणाने.

त्या महिन्यात तू बाटल्या आणायला सुरुवात केलीस. सहा नर्सिंग होममध्ये सहा. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर तुझ्या मोठ्या अक्षरात तीन ओळी. मी त्या तेव्हा वाचल्या नाहीत. दर महिन्याच्या एक तारखेला तू स्कूटीवरून सगळीकडे जाऊन त्यांच्या मुदतीच्या तारखा बघून यायचीस. मला कधी चल म्हणाली नाहीस. रविवारी तू अजूनही कधीतरी प्रयोगशाळेत यायचीस, खिडकीबाहेर हात काढून खायचीस, पण वही मागायची नाहीस. माझा प्रबंध झाला. कवचावरच झाला, कणांतून औषध पोचवण्यावर. परत आणण्याचा भाग मी गाळला. पदवी मिळाली तेव्हा तू पेढे वाटलेस. माझ्या वाटचा पेढा मी शिपायाला दिला.

गेल्या सोमवारी तुझा मोबाईल वाजला. अंबरनाथच्या अलका सिस्टर. त्यांना तुझं कळलेलं होतं, त्या विहारातही येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, "सर, मॅडमची बाटली आहे ना आमच्याकडे, तिची मुदत या महिन्यात संपतेय. आता कोणाला सांगू ते कळंना, म्हणून याच नंबरवर केला."

मी म्हणालो, मी येतो.

स्कूटी मला चालवता येत नाही. शेअर रिक्षाने गेलो. सिस्टरनी ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या कपाटातून बाटली काढून दिली. ती नवी दिसत होती. मी तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, ही दुसरी. पहिली गेल्या वर्षी लावली. उल्हासनगरच्या एक भाभी होत्या, खांद्याचं ऑपरेशन, बधिर करायची सुई नुकतीच देऊन झाली होती. मॅडम दुसऱ्या खोलीत नव्या पेशंटला बघत होत्या, तेवढ्यात झटके आले. मॅडम धावत आल्या, एका हाताने दाबत होत्या आणि ओरडल्या, अलका, माझी बाटली. "अर्धी पण नाही गेली सर, नाडी लागली. त्या भाभी अजून दिवाळीला मिठाई पाठवतात. तुम्हाला सांगितलं असेलच ना मॅडमनी."

मी हो म्हणालो.

तू मला सांगितलं नाहीस. एक माणूस तुझ्या हाताखाली परत आला, तुझं म्हणणं खरं ठरलं, आणि तू घरी येऊन माझ्याबरोबर वरण-भात जेवलीस आणि काही बोलली नाहीस. तुला मला हरवायचं नव्हतं म्हणून? की आपण या विषयावर बोलत नाही हे आता ठरूनच गेलं होतं म्हणून? मला राग आला, आणि रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की रागवायचा हक्क मला सगळ्यांत कमी आहे. एका घरात दोन माणसं एकाच गोष्टीविषयी गप्प होती. माझ्या गप्प बसण्यात भीती होती. तुझ्यात काय होतं ते आता विचारता येणार नाही. मी तुझ्या बाजूने चांगलंच धरून चालतो. तू माझ्याविषयी तसंच धरून चालायचीस.

घरी येऊन मी वही काढली. त्या पानावरच्या अदलाबदलीच्या शेऱ्यावर रेघ मारली, आकडे मूळ जागी लिहिले, खाली सही आणि त्या दिवसाची तारीख घातली. सुटा कागद त्या पानाला चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रती काढल्या आणि सहाही ठिकाणी नेऊन दिल्या, तुझ्या जागी आता जे भूल द्यायला येतात त्यांच्यासाठी. मांजर्लीला तुझ्या जागी येणाऱ्या तरुण डॉक्टरने वाचून विचारलं, सर, हे तुम्ही मॅडमना दाखवलं होतं का? मी नाही म्हणालो. त्याने प्रत बाटलीच्या कपाटात ठेवली.

त्या फेरीत मी तुझ्या चिकटपट्ट्या पहिल्यांदा नीट वाचल्या. सगळ्यांवर तेच.

छाती दाबणं थांबवू नका.
ही बाटली लावा.
मला फोन करा.

बाटल्या सहा आहेत. दोन या महिन्यात बदलल्या. येत्या एक तारखेपासून मुदती बघायला मीच रिक्षाने जाणार आहे. नव्या बाटलीवर चिकटपट्टी लावून पहिल्या दोन ओळी तुझ्यासारख्याच मोठ्या अक्षरात लिहितो. तिसरी लिहीत नाही.